फॉर्टी सेव्हन ऐकलं आणि चौऱ्याहत्तर लिहिलं

पत्र:

मावशी, नमस्कार. मी ४१ वर्षांची, माहेर जळगाव, शिक्षण मराठी मीडियम, लग्नानंतर इंदूरला, सुदामा नगरमध्ये राहते. मुलगी कॉलेजला गेली तशी दोन महिन्यांपूर्वी सांवेर रोडवर नट-बोल्टच्या एका छोट्या कंपनीत बिलिंगला लागले. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, पण आकडा आला की सगळं फसतं. केनियाच्या पार्टीने फोनवर १३ बॉक्स सांगितले, मी ३० लिहिले आणि माल पॅकिंगला गेला पण. दुसऱ्या वेळेस ते फॉर्टी सेव्हन म्हणाले, मी ७४ लिहून बसले. १२,५०,००० चं कोटेशन पाठवलं तर त्यांचा मेल आला की हा आकडा नक्की किती. परवा चेकवर फॉर्टीचं स्पेलिंग चुकलं तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडम, पहले गिनती सीख लो. मुलगी म्हणते यूट्यूब बघ. बघितलं, तर ते वन-टू-थ्री पासून सुरू करतात, लाज वाटते. या वयात हे जमेल का, की नोकरी सोडू?
– आकड्यांत अडकलेली

उत्तर:

अगं, नोकरी बिकरी काही सोडू नकोस. मी स्वतः ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅश आणि ड्राफ्टच्या काउंटरवर, आणि तुला सांगते आकडे चुकवणारी माणसं मी इतकी बघितलीयेत की त्यात एमकॉम झालेले, साहेब लोक, सीए, आणि एक दिवस मी स्वतः, सगळे येतात. माझी चूक पुढे सांगतेच.

तुझं इंग्रजी कच्चं नाहीये, गणित पण नाही. तू आकडा इंग्रजीत ऐकतेस, डोक्यात त्याचं मराठी करतेस आणि मग मराठीवरून लिहितेस, आणि हा जो मधला स्टॉप आहे ना, तिथेच सगळी गडबड होते. ४७ चंच बघ. कानावर आलं फॉर्टी सेव्हन, डोक्यात लगेच झालं सत्तेचाळीस, आता सत्तेचाळीसमध्ये आधी काय ऐकू येतं, तर सात. हाताने सात लिहिला, मग चाळीसचा चार लिहिला, झाले ७४. आठव, शाळेत बाई सत्तेचाळीस लिहा म्हणायच्या तेव्हा निम्मी मुलं आधी सात लिहून डाव्या बाजूला चारसाठी जागा सोडायची. मी पण त्यातलीच.

मराठीत एकवीसपासून एकक आधी आणि दशक नंतर, इंग्रजीत दशक आधी. आणि यात इंग्रज काही जास्त शहाणे आहेत असं समजू नकोस, जुन्या इंग्रजीत ते पण फाइव्ह अँड ट्वेन्टी म्हणायचे, म्हणजे आपल्या पंचवीससारखंच, जर्मन तर आजही एक-आणि-वीस असंच म्हणतात. इंग्रजांनी पुढे पद्धत उलटी केली पण ती पूर्ण केली नाही, थर्टीन ते नाइन्टीन तशीच राहून गेली. थर्टीन म्हणजे तीन आणि दहा, फोर्टीन म्हणजे चार आणि दहा, आपल्याच ऑर्डरमध्ये. (इलेव्हन आणि ट्वेल्व्हचा मूळ अर्थ माहितीये का, दहा मोजून एक उरला, दहा मोजून दोन उरले. मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली होती, भाजीवाला टोपलीत मोजतो तसं.)

आपल्याकडे यावर भांडणं पण झालीयेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला वीस एक, बावीसच्या जोडीला वीस दोन असं वाचायची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गोंधळ झाला, विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. मला स्वतःला त्र्याहत्तर, सत्त्याण्णव हे शब्द सोडवत नाहीत, तोंडात घोळवायला किती छान आहेत, पण मुलांना उलट-सुलट होतं हा मुद्दा खोटा नव्हता. तुझं पत्र त्याचा पुरावाच आहे बघ. आणि आपण इंदूरवाले तर तिहेरी अडकलोय, घरात चौपन्न म्हणायचं, रिक्षावाल्याला वसाहतीचं नाव स्कीम नंबर चौवन सांगायचं आणि कुरिअरवाल्याला फिफ्टी फोर. एकटी आपली खाऊगल्ली, छप्पन दुकान, तेवढी मराठीत पण छप्पन आणि हिंदीत पण छप्पन.

आणखी एक सापळा आहे जो तू पत्रात लिहिला नाहीयेस पण तुझा पाय त्यात पडणार हे मी आत्ताच सांगते, तो म्हणजे एकोण. एकोणपन्नासमध्ये पन्नास ऐकू येतं, म्हणून माणूस घाईत फिफ्टी नाइन म्हणून मोकळा होतो. आहे ४९. एकोणसाठचं सिक्स्टी नाइन, एकोणऐंशीचं एटी नाइन, असे दहा दहाचे फटके बसतात आणि कॅश टॅली होत नाही. आमच्याकडे संध्याकाळी बरोबर दहा रुपयांचा फरक आला की हेड कॅशियर पहिला प्रश्न विचारायचे, आज कोणाचं एकोण आलं होतं?

मग करायचं काय, तर मराठी करायचंच नाही. ऐकू आलं फॉर्टी की हाताने लगेच चार लिहून टाक, सेव्हनची वाट बघू नकोस, आकडा काय आहे याचा अर्थ पण लावू नकोस, डावीकडून उजवीकडे नुसतं ऐकत आणि लिहीत जा जसं कोणी ठिपके जोडतं. बोलताना पण तेच, कागदावर ४७ दिसले की सत्तेचाळीस मनात यायच्या आत चारवर बोट ठेवून फॉर्टी, मग सातवर बोट ठेवून सेव्हन. पहिले आठ दिवस खरंच बोट ठेव, कोणी हसलं तर हसू दे. मुलीला सांग की किराण्याचं बिल, लाइटचं बिल, काही पण घेऊन रोज रात्री वीस आकडे इंग्रजीत वाचून दाखव, तू लिही. वीसच, जास्त नाही. वन-टू-थ्री पासून शिकायची गरज नाहीये तुला, तुला फक्त मधला स्टॉप बंद करायचाय.

आता १३ आणि ३०. ही चूक तुझी नाहीच. हा इंग्रजीचाच दोष आहे आणि खुद्द इंग्रज लोक पण यात फसतात. पुस्तकात सांगतात की थर्टीनमध्ये जोर शेवटच्या टीनवर आणि थर्टीमध्ये जोर पहिल्या थरवर, आणि एकटा आकडा बोलला तर ते बरोबर पण आहे. पण पुढे वस्तूचं नाव आलं की थर्टीनचा जोर पण सरकून पुढे थरवर येतो. थर्टीन बॉक्सेस असं भरभर म्हणून बघ. आता फरक उरला फक्त त्या शेवटच्या नचा, आणि तो पण पुढच्या बच्या तोंडी लागून म सारखा होऊन जातो. त्यात तुमचा धंदा नटचा, म्हणजे थर्टीन नट्स आणि थर्टी नट्स, इथे न ला न चिकटला, फोनवर फरक कळणार कोणाला? ब्रह्मदेवाला पण नाही कळायचा. आणि केनियावाल्याचं इंग्रजी पण तुझ्यासारखंच शाळेत शिकलेलं असणार, त्याच्या घरात वेगळी भाषा.

म्हणून कान तयार करायच्या भानगडीत फार पडू नकोस, सुटे अंक बोलायची सवय लाव. तो थर्टीन म्हणाला की तू म्हणायचं, वन थ्री, थर्टीन बॉक्सेस, करेक्ट? किंवा थ्री झीरो, थर्टी? बस. यात लाजायचं काही नाही, विमानाचे पायलट हेच करतात. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणारा पायलट रेडिओवर दिशा-बिशा सांगताना टीन आणि टीच्या भानगडीत पडतच नाही, एकेक अंक सुटा बोलतो, वर नाइनला नाइनर म्हणतो, फाइव्हला फाइफ, थ्रीला ट्री. कारण रेडिओच्या खरखरीत फाइव्ह आणि नाइन सारखेच ऐकू येतात. त्यांचं एक चुकलं तर काय होईल, आणि तरी ते परत बोलून दाखवतात, आपण नट-बोल्टवाले आपल्याला कसली लाज.

फोन संपला की लगेच दोन ओळींचा मेल टाकायचा, त्यात आकडा अंकात पण आणि अक्षरात पण. १३, थर्टीन. हे आजपासून सुरू कर, बाकीचं नंतर शिकलीस तरी चालेल.

चेकचं आता. फॉर्टीमध्ये यू नाही. एफ, ओ, आर, टी, वाय. फोरमध्ये यू आहे, फोर्टीनमध्ये पण आहे, मग फॉर्टीमध्ये का नाही असं विचारू नकोस, इंग्रजी स्पेलिंगला का विचारायचं नसतं. सगळ्यात जास्त चुकणारा शब्द हाच, मी काउंटरवर दिवसाला चार तरी बघायचे. नाइन्टीमध्ये नाइनचा ई राहतो, पण नववा म्हणजे नाइन्थ लिहिताना तो ई जातो. ट्वेल्फ्थमध्ये व्हीचा एफ होतो. एट्थमध्ये टी एकच. ट्वेन्टी वनपासून नाइन्टी नाइनपर्यंत मधे छोटी आडवी रेघ द्यायची, हायफन, चेकवर नाही दिली तर काही बिघडत नाही पण पत्रात दे. आणि फाइव्ह हंड्रेड, फाइव्ह थाउजंड, याच्या पुढे एस लावायचा नाही. पाचशे म्हणजे फाइव्ह हंड्रेड, हंड्रेड्स नाही. शेकडो लोक आले असं मोघम असेल तेव्हाच हंड्रेड्स. लाखचं स्पेलिंग एल-ए-के-एच कर, काही जण एल-ए-सी लिहितात, त्याचा इंग्रजीत अर्थ बांगड्यांची लाख असा पण होतो, अर्थात मराठीत दोन्ही लाखच, त्यामुळे आपल्याला हसायचा हक्क नाही.

स्पेलिंग चुकलं म्हणून चेक लगेच बाद होतो असं नसतं, रक्कम कळत असेल तर बँक सहसा सोडून देते. मोठी चूक वेगळी आहे, अंक आणि अक्षर यांचा मेळ न बसणं. आपल्याकडे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ चा आहे, त्याचं कलम १८ सांगतं की अंकात एक आणि अक्षरात दुसरीच रक्कम असेल तर अक्षरी रक्कम खरी धरायची. बरोबरच आहे ना, १ चा ७ किंवा ९ करायला पेनचा एक फटका पुरतो, वन चं नाइन करायला जमेल का कोणाला? पण हे झालं कायद्यात, प्रत्यक्षात बँक काय करते तर अंक-अक्षरात फरक असा शेरा मारून चेक परत पाठवते आणि तुझी पार्टी तुला फोन करते. म्हणून आधी अक्षरी लिही, मग ते वाचत वाचत अंक लिही, शेवटी ओन्ली लिहून उरलेल्या जागेत रेघ मार. चुकलं तर खाडाखोड करून बाजूला सही करायची ती जुनी सवय सोडून दे, आता चेकची इमेज जाते, तारखेशिवाय दुसरी खाडाखोड चालत नाही, नवीन चेक फाड.

आता माझी चूक. १९८६ चं वर्ष, नोकरीला जेमतेम सात-आठ महिने झालेले. ब्रँच कुठली ते जाऊ दे. एक मराठी गृहस्थ आले, धोतर, काळी टोपी, मुलाच्या ॲडमिशनच्या फीचा पुण्याचा ड्राफ्ट हवा होता. म्हणाले, पावणेदोन हजारचा काढा. मी अंक बरोबर लिहिले १७५०, कारण ते त्यांच्या स्लिपवरून उतरवले. अक्षरात लिहिताना स्लिप बघितली नाही, डोक्यात पावणेदोन, पावणेदोन चाललेलं, आणि पावणेदोन म्हटलं की हाताला सवय पावणेदोनशेची, एकशे पंचाहत्तरची. लिहून बसले, वन थाउजंड सेव्हन हंड्रेड अँड सेव्हन्टी फाइव्ह. सही करणाऱ्या साहेबांनी पण न वाचता सही ठोकली. ड्राफ्ट पुण्याहून परत आला तेव्हा फी भरायचे दोनच दिवस राहिले होते. ते गृहस्थ आले, चिडले नाहीत, काउंटरवर ड्राफ्ट ठेवला आणि मला विचारलं, बाई, पावणेदोन हजार म्हणजे किती हो? त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नवीन ड्राफ्ट काढून कोणातरी ओळखीच्याबरोबर रात्रीच्या बसने पाठवला, मुलाची ॲडमिशन झाली, पण आजही १७५० हा आकडा कुठे दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

हे सव्वा, दीड, अडीच, पावणे आपलं वैभव आहे गं. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी सगळी पाठ होती, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा सुद्धा. इंग्रजीत याला एका शब्दात उत्तर नाही. म्हणून तिथे भाषांतर करायला गेलीस की मेलीस. आधी अंकात लिही. साडेतीनशे, लिहिलं ३५०, मग बघून वाच, थ्री हंड्रेड अँड फिफ्टी. सव्वादोन हजार, लिहिलं २२५०, टू थाउजंड टू हंड्रेड अँड फिफ्टी. अमेरिकन माणूस यालाच ट्वेन्टी टू फिफ्टी असं पण म्हणेल, आणि अडीच हजारला ट्वेन्टी फाइव्ह हंड्रेड म्हणेल, घाबरायचं नाही, पंचवीसशेच म्हणतोय तो, आपल्याकडे पण म्हणतातच की. तो मधला अँड ब्रिटिश लोक लावतात, आपल्याला शाळेत तसंच शिकवलंय, अमेरिकन गाळतात, त्यांच्या चेकवर अँड डॉलरनंतर सेंटच्या आधी येतो. तू लाव.

तुझ्या कामातलं एक सांगते, हे मला माझ्या भाच्याने सांगितलं, तो पीथमपूरला वर्कशॉपमध्ये आहे. एम ८ चा, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट असतो ना, त्याच्या आट्यांमधलं स्टँडर्ड अंतर, पिच, १.२५ मिलिमीटर. एम १० चं १.५. एम १२ चं १.७५. सव्वा, दीड, पावणेदोन! अगदी आपल्या पाढ्यातले आकडे. पण इंग्रजीत बोलताना पॉइंटच्या पुढचे अंक सुटे बोलायचे, वन पॉइंट टू फाइव्ह, वन पॉइंट सेव्हन फाइव्ह. आपल्याकडे सर्रास वन पॉइंट सेव्हन्टी फाइव्ह म्हणतात, आपल्याआपल्यात कळतं, पण परदेशी पार्टीशी बोलताना नको. पैसे असतील तर गोष्ट वेगळी, ट्वेन्टी फाइव्ह रुपीज सेव्हन्टी फाइव्ह पैसे हे बरोबर. आणि इंची माल असेल तर कारागीर सूतात बोलतात, एका इंचाचे आठ सूत, तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, इंग्रजीत थ्री एट्थ्स. अडीच सूत म्हणजे पाच सोळांश, फाइव्ह सिक्स्टीन्थ्स. वरचा आकडा साधा, खालचा चौथा-पाचवा-आठवा असा, आणि वर एकापेक्षा जास्त असेल तर खालच्याला एस. वन एट्थ पण थ्री एट्थ्स. खालचे आठ-सोळाचे शब्द पाठ करून टाक, तुमच्या धंद्यात हेच जास्त लागतात.

१२,५०,००० चं काय झालं ते तुला कळलं असेलच. आपण शेवटचे तीन सोडून पुढे दोन-दोनचे गट पाडतो, बाकी जवळपास सगळं जग तीन-तीनचे पाडतं. केनियावाल्याने बारा, मग पन्नास, मग तीन शून्यं बघितली, त्याला वाटलं टायपिंगची चूक आहे, एखादा अंक राहिला. लाखाप्रमाणे कॉमे टाकायची सवय त्यांना नाही. परदेशी कागदावर आकडा टाकताना सगळे कॉमे पुसून टाक आणि उजवीकडून तीन-तीन मोजत परत घाल, १,२५०,०००. आता डावीकडून वाच, पहिला कॉमा मिलियन, दुसरा थाउजंड. वन मिलियन टू हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड. लिहिलेलं बघून वाचायचं, साडेबारा लाखचं मिलियनमध्ये तोंडी करायला जायचं नाही, तिथे मोठमोठे लोक एक शून्य खातात.

तरी हिशोब हवाच असेल तर आपला जुना घोष म्हण ना, एकं दहं शतं सहस्र दशसहस्र लक्ष दशलक्ष कोटी. यातला दशलक्ष म्हणजेच मिलियन, आपल्याकडे होताच तो आधीपासून. कोटी म्हणजे दहा मिलियन, अब्ज म्हणजे बिलियन, लाख कोटी म्हणजे ट्रिलियन. जुन्या ब्रिटिश पुस्तकात बिलियन दिसलं तर मात्र सांभाळून, तेव्हा त्यांचा बिलियन म्हणजे मिलियन मिलियन होता, १९७४ साली त्यांच्या सरकारने अमेरिकन पद्धतीचा बिलियन घेतला. तुला याचं काम पडणार नाही, मला आवडतं म्हणून सांगितलं. काम पडेल ते हे, युरोपची पार्टी आली, समजा जर्मनीची, तर ते पॉइंट आणि कॉमाची अदलाबदल करतात, त्यांचं १.२५० म्हणजे बाराशे पन्नास असू शकतं. पिच वाचताना लक्ष ठेव.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगते. फोन नंबरमध्ये डबल सेव्हन, ट्रिपल नाइन हे आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये चालतं, अमेरिकन माणूस गोंधळतो, त्याला सुटे अंक दे. शून्याला झीरो म्हण, ओ म्हणू नकोस, पार्ट नंबरमध्ये ओ अक्षर पण असतं मग मार खाशील. साल वाचताना १९८६ नाइन्टीन एटी सिक्स, २००५ टू थाउजंड अँड फाइव्ह, २०२४ ट्वेन्टी ट्वेन्टी फोर. तारखेला महिना नेहमी अक्षरात लिही, ३/४ अमेरिकेत चार मार्च होतो. अकरा, बारा, तेरा तारखेच्या पुढे टी-एच, एकवीस बावीस तेवीसला मात्र एस-टी, एन-डी, आर-डी. आणि ब्रिटिश माणूस हाफ फाइव्ह म्हणाला तर आपल्याला वाटतं साडेचार, अर्धे पाच ना, तर नाही, साडेपाच. माझी एक मैत्रीण लंडनला सुनेच्या माहेरच्यांना भेटायला एक तास आधी जाऊन दारात उभी होती, थंडीत.

सरावाला एक सांगू? क्रिकेट लाव. मला दुसरं काही सुचत नाही आणि आपलं गाव त्यात श्रीमंत आहे. ८ डिसेंबर २०११, होळकर स्टेडियम, सेहवागचे २१९, टीमचे ५ बाद ४१८. इंग्रजी कॉमेंट्री ऐकत आकडे लिही, टू नाइन्टीन, फोर हंड्रेड अँड एटीन फॉर फाइव्ह, यात ते टीनवाले दोन्ही आले बघ, नाइन्टीन की नाइन्टी, एटीन की एटी. ऑस्ट्रेलियन असेल तर फाइव्ह फॉर फोर एटीन असं उलटं म्हणेल, विकेट आधी आणि रन नंतर, म्हणजे उलटं-सुलटं करणारे आपणच एकटे नाही. त्याहून मोठा हवा असेल तर आपल्या इंदूरच्या जुन्या होळकर संघाचा १९४५-४६ चा रणजीतला म्हैसूरविरुद्धचा स्कोअर घे, ८ बाद ९१२ डाव घोषित, सहा जणांची शतकं. नाइन हंड्रेड अँड ट्वेल्व्ह फॉर एट डिक्लेअर्ड. हे एकदा मोठ्याने म्हणून बघ, छाती फुगते. क्रिकेट आवडत नसेल तर सकाळी ऑफिसला जाताना गाड्यांचे नंबर वाच, एमपी झीरो नाइन, पुढचे चार सुटे पण आणि जोडीने पण.

राहिले तुझे साहेब. सगळ्यांसमोर बोलले ते चुकलंच त्यांचं, पण आत्ता तोंडी भांडायला जाऊ नकोस. पुढच्या ऑर्डरला फोननंतर तो अंक-अक्षराचा मेल टाकशील ना, त्यात त्यांना कॉपीत ठेव. दोन-तीन मेल गेले की त्यांनाच सवय लागेल, आणि मला तर दाट शंका आहे की कधीतरी त्यांचाच आकडा तुझ्या मेलमध्ये पकडला जाईल. तेव्हा पण गिनतीबद्दल काही बोलू नकोस, नुसतं विचार, सर, वन फाइव्ह का फाइव्ह झीरो?

आणि ते ३० बॉक्स पॅक झाले होते त्यांचं पुढे काय केलंत, पार्टीने जास्तीचे १७ ठेवून घेतले का, तेवढं कळव.

– मावशी